मंगळवार भाड्याने देणे आहे

गुळवणींनी जून महिन्यात आपल्या घरचा मंगळवार भाड्याने दिला.

निर्णय घाईत घेतला नव्हता. त्याआधी खर्च कमी करण्याचे आणि चार पैसे जास्त मिळवण्याचे बाकीचे सगळे मार्ग त्या घराने करून पाहिले होते. केतकीची आई मंडई उठायच्या वेळेला भाजी आणायला जायची, कारण तेव्हा उरलेल्या भाजीचे वाटे निम्म्या भावात मिळतात. घरी ती साड्यांना फॉल लावून द्यायची. लग्नकार्याला मोठी पातेली आणि सतरंज्या भाड्याने द्यायची, आणि पातेली परत आली की त्यांना नवे पोचे आलेत का ते बोट फिरवून बघायची. बाबा ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बुकिंग क्लार्क होते. संध्याकाळी ते दोन दुकानदारांची पत्रं लिहून द्यायचे. घरात एका वेळी एकाच खोलीत दिवा लागायचा आणि सगळे त्या दिव्यामागे खोली बदलायचे. केतकी नववीत होती. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, शिवून तिच्या नव्या वह्या होत.

एवढं करूनही महिना शेवटी आखडायचाच. मग एके दिवशी आईने सबंध आठवड्याकडे नीट पाहिलं. मंगळवारी गावातला बाजार बंद. बाबांची साप्ताहिक सुट्टी. आईचा उपास. केतकीच्या शाळेत चित्रकला, पी.टी. आणि दोन ऑफ तास.

"सगळ्यात कमी वापर मंगळवारचा आहे," आई म्हणाली. "वापरत नाही ती वस्तू पडून कशाला ठेवायची?"

"मंगळवार ही वस्तू आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाहीतर काय? सकाळी घरात येते, दिवसभर खर्च होते आणि संपते."

दुसऱ्या दिवशी तिघं वार नोंदणी कार्यालयात गेली.

तिथे टिपरे भाऊसाहेब होते. त्यांनी अकरा महिन्यांचा करार काढला आणि अटी वाचून दाखवल्या. वार पंचांगाप्रमाणे धरला जाईल, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना मंगळवार येणार नाही. मंगळवारचा सूर्य उगवला की त्यांच्यासाठी थेट बुधवारचा उगवेल. तेवढा वेळ घर आणि दिवस भाडेकरूंचा. भाडेकरूंचं नाव गजानन शंकर उपासनी आणि सौ. उपासनी. यादीतल्या प्रत्येक नावामागे चाळीस रुपयांचं तिकीट.

"विश्वनाथ, हेमलता, केतकी," टिप्ऱ्यांनी लिहिलं. "आणखी कोणी?"

आईला तेव्हा दुसरा महिना होता. केतकीनंतर चौदा वर्षांनी. गल्लीतल्या बायकांना अजून कळलं नव्हतं, पण घरात माहीत होतं. बाबांनी आईकडे पाहिलं.

"अजून यायचंय," आई हळूच म्हणाली. "आत्तापासून चाळीस रुपये कशाला?"

"मग नको?"

"नको."

टिप्ऱ्यांनी केतकीच्या नावाखाली पट्टीने रेघ मारली.

शाळेत वर्गशिक्षिकांना अर्ज दिला. 'आमचा मंगळवार भाड्याने दिलेला असल्यामुळे केतकी मंगळवारी येऊ शकणार नाही, तरी कृपया नोंद घ्यावी.' बाईंनी नोंद घेतली. त्या एवढंच म्हणाल्या, "तशीही ही वर्गात आहे की नाही ते कळत नाहीच." केतकी हजेरीला 'हजर' म्हणायची, ते तिच्या शेजारच्या मुलीलाच ऐकू यायचं.

पहिल्या मंगळवारी केतकी सकाळी वेणी घालत होती. तिसरा पेड घेतला आणि उजाडलं. तेवढ्यात बुधवार झाला होता. वेणी हातात तशीच होती. आई ओट्यापाशी उभी होती. तिने गॅसवर दूध ठेवलं होतं. आता गॅस बंद होता आणि दुधाचं पातेलं घासून, पुसून उपडं घातलेलं होतं.

"स्वच्छ आहेत हो माणसं," आई म्हणाली.

दूध, भाजी, गॅस, वीज सगळं सातव्या हिश्श्याने कमी झालं, आणि भाडं वेळेवर येऊ लागलं. आईने पावसाळ्यात छत गळत होतं तिथे पत्रा घातला. बाबा शेजाऱ्यांना सांगू लागले की मंगळवारची तशी आठवणही येत नाही.

केतकीला मात्र भीती वाटू लागली होती. तिला भीती कसली ते कुणाला सांगता आलं नसतं, कारण वाईट असं काही होत नव्हतं. आरशाचा खिळा चार बोटं वर गेला होता. म्हणजे त्या घरात कुणीतरी उंच माणूस केस विंचरत होता. तिच्या अंथरुणाची घडी ती घालते तशीच घातलेली असायची, पण उशी दुसऱ्या कुशीवर झोपल्यासारखी दबलेली. जिन्यात शेजारच्या घोडकेकाकू भेटल्या तर म्हणायच्या, "काल तुमच्याकडे काय छान भजन चाललं होतं!" केतकीला काल नव्हता. ती मान डोलवून खाली बघायची.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी बाळ झालं. मुलगी. सोमवारी आई दवाखान्यातून घरी आली. मंगळवारी पहाटे ती गादीवर बसून बाळाला पाजत होती आणि केतकी शेजारी उशीला टेकून बघत होती. बाळाची मूठ केतकीच्या बोटाभोवती होती. खिडकीत उजाडलं.

आईच्या मांडीवर काही नव्हतं.

केतकीचं बोट तसंच पुढे होतं, आणि त्याभोवतीही काही नव्हतं. आईने आधी पदर चाचपला, मग दुलई उचलली, मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो केतकीने त्याआधी कधी ऐकला नव्हता.

बाळ आतल्या खोलीत होतं. कपड्यांच्या टोपलीत मऊ पातळाची घडी घालून त्यावर ठेवलं होतं. न्हाऊ घातलेलं, अंगाला वेगळ्याच तेलाचा वास. आई गालावर उजवीकडे तीट लावायची. ती आता डावीकडे होती. उशाशी चिठ्ठी होती. अक्षर टपोरं आणि सरळ.

'सप्रेम नमस्कार. आज सकाळी गादीवर एक बाळ आढळले. यादीत त्याचा उल्लेख नाही. दर दोन तासांनी बोंडल्याने दूध पाजले आहे. शी तीन वेळा, शू सात वेळा. आमच्याकडे लहान मूल नव्हते, त्यामुळे अडचण काही झाली नाही. कळावे, आपला विश्वासू, ग. शं. उपासनी.'

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "यादीत नाव नाही," ते म्हणाले. "पोटात होती तोवर ती तुझ्या नावावर जात होती. आता वेगळी झाली."

"चाळीस रुपये," आई म्हणाली. करार मे महिन्यात संपतोच, तोवर सोसायचं, असं दोघांनी ठरवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी बाळाचा बारावा दिवस होता. बारसं बुधवारी करायचं ठरलं होतं, नाव ऋजुता. बुधवारी उजाडलं तेव्हा दाराला तोरण होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या आणि जमिनीवर हळदीकुंकू सांडलं होतं. ओट्यावर ताटलीखाली घुगऱ्या होत्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बारावा दिवस मोडू नये म्हणून बारसे उरकून घेतले. नाव सुमती ठेवले. आपल्या वाटणीच्या घुगऱ्या झाकून ठेवल्या आहेत.'

"माझ्या घरात! माझ्या पाळण्यात!" आईने घुगऱ्या फेकायला ताटली उचलली. मग ती तशीच थांबली. मग तिने ताटली खाली ठेवली आणि घुगऱ्या डब्यात भरल्या.

"बारावा दिवस मंगळवारीच होता, हेमा," बाबा म्हणाले. "नियमाने बघितलं तर..."

"नियमाने बघू नका!"

पण गल्लीने नियमाने पाहिलं होतं. घोडकेकाकू बारशाला येऊन गेल्या होत्या. त्या बाळाला सुमती म्हणू लागल्या.

दर बुधवारी चिठ्ठी यायची. सुमतीला सर्दी होती, ओव्याची पुरचुंडी शेकली. सुमतीने मान धरली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, 'सुमती आज पहिल्यांदा हसली. सौ.ला फार आनंद झाला.' आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाळण्यापुढे बसून तोंडं वेडीवाकडी करत राहिली. बाळ तिच्याकडे शांतपणे बघत होतं. शुक्रवारी ते हसलं, पण पहिलं हसू होऊन गेलं होतं.

मग वार नोंदणी कार्यालयाची नोटीस आली. मार्चअखेरच्या मंगळवारी सर्व वारांचे तक्ते बंद करण्यात येतील. ज्या व्यक्तीचे नाव कोणत्याही यादीत नाही, तिचे नाव त्या दिवशी घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या यादीत घेण्यात येईल. तिघं बाळाला घेऊन टिप्ऱ्यांकडे धावली.

"म्हणजे काय होईल?" बाबांनी विचारलं.

"उपासन्यांच्या यादीत गेली की ती मंगळवारची होईल."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस तिला नसतील. तुम्हाला मंगळवार नाही, तसंच." टिप्ऱ्यांनी पान उलटलं. "फक्त उलट."

आईने टेबलाची कड धरली. "आमच्या यादीत आत्ता लिहा. चाळीस रुपये घ्या. चारशे घ्या."

"ताई, यादी कराराचा भाग आहे. बदलायची तर भाडेकरूची सही लागते, तीही तुमच्या घरच्या माणसासमोर केलेली."

"मग त्यांना कधी भेटायचं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी आम्ही नसतो," बाबा म्हणाले.

"नोंद आहे."

"ते बुधवारी कुठे असतात? आम्ही तिथे जाऊ."

"बुधवारी ते नसतात. त्यांना मंगळवार एवढाच वार आहे." टिप्ऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. "एक मार्ग आहे. तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव यादीतून कमी करा. त्या माणसाला मंगळवार येईल. त्याच्यासमोर सही घ्या. तक्ता न्यायला मी चार वाजता येतो, त्याच्या आत."

"माझं करा," आई म्हणाली.

"सही करणाऱ्यांचं नाव कमी होत नाही. तुम्ही दोघांनी सह्या केल्यात. फक्त अज्ञान व्यक्तीचं, म्हणजे अठराच्या आतल्याचं होतं."

सगळे केतकीकडे बघू लागले. केतकी टिप्ऱ्यांच्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत राहिली.

घरी येताना बाबा चिडले होते. "हिला पाठवायचं? ही दुकानात जाऊन मीठ मागत नाही. मागच्या वेळी दुकानदाराने साखर दिली तर साखर घेऊन आली!"

"सही घ्यायची आहे," आई म्हणाली. "कागद पुढे करायचा. बोलायला लागतंय कशाला?" मग ती केतकीकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "जाशील ना गं? नाही म्हणालीस तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे केतकीला दिसत होतं. तिने होकाराची मान हलवली.

मार्चअखेरच्या त्या मंगळवारी सूर्योदय सहा वाजून एकतीस मिनिटांनी होता. सव्वासहाला केतकी बाळाला मांडीवर घेऊन बसली. आईने भरलेला अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या फ्रॉकच्या खिशात ठेवला, काढला, परत ठेवला. बाबा येरझाऱ्या घालत होते.

"नमस्कार कर आधी," ते म्हणाले. "मोठी माणसं आहेत."

"आणि घाबरू नको," आई म्हणाली, "आम्ही इथेच..."

उजाडलं. वाक्य तिथेच राहिलं. आई जिथे बसली होती तिथे गादीला खळगा होता, आणि तो केतकीच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आला. दाराजवळ बाबांच्या चपला पडल्या होत्या, एक पुढे, एक मागे, चालता चालता माणूस काढून घेतल्यासारख्या.

केतकीने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"उठली का गं माझी चिमणी?" एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. केतकीला बघून त्या थबकल्या. "अगंबाई! आज दोघी! अहो, ऐकलंत का? आज दोघी आहेत!"

उंच, वाकलेले उपासनीकाका आतून आले. त्यांच्या हातात दिनदर्शिका होती. ती त्यांनी स्वतःच्या खिळ्यावर अडकवली. केतकीची नजर तिकडे गेली. तीत फक्त मंगळवार होते. एकाखाली एक, सगळे मंगळवार.

केतकीने वाकून नमस्कार केला.

"केतकी ना तू?" काका म्हणाले. "अंथरूण फार व्यवस्थित ठेवतेस. मी हिला नेहमी सांगतो."

काकूंनी बाळाला घेतलं, पायांवर आडवं टाकलं आणि तेल चोळायला लागल्या. बाळ त्यांच्या पायांवर सैल पडून हसत होतं. केतकी भिंतीला टेकून उभी होती. खिशातला कागद तिला मांडीला टोचत होता, पण हात तिकडे जाईना.

"का गं," काकूंनी एकदम विचारलं, "मंडई खरंच भरते का?"

"हो," केतकी म्हणाली.

"अजून भरते? बायका ओरडतात? भाव करतात?"

"हो."

"आम्ही जातो तेव्हा सगळं बंद असतं. नुसत्या फळ्या. मला एकदा कोथिंबिरीची जुडी स्वतः निवडून घ्यायची आहे." त्यांनी बाळाच्या तळव्याला तेल लावलं. "दूधवाला आणतो ती असते, पण ती कुणी दुसऱ्याने निवडलेली."

"तुम्ही बाकीचे दिवस..." केतकीचं वाक्य अर्ध्यात संपलं.

"दिले," काका खुर्चीत बसत म्हणाले. "आधी गुरुवार दिला. चांगलं भाडं आलं. मग वाटलं, सोमवारीही आपण काय मोठं करतो? मग शनिवार. बचत दिसायला लागली की हात थांबत नाही. शेवटी सातही गेले. सातांचं भाडं येतं, पण राहायला एक दिवस लागतो ना. म्हणून तुमचा घेतला."

फेब्रुवारीत आई सहज म्हणाली होती की गुरुवारीसुद्धा आपल्याकडे विशेष काही नसतं. तेव्हा बाबा हसले होते.

तिने कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

काकांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. "अर्ज अगदी बरोबर भरलाय. वडिलांचं अक्षर का? छान आहे." मग त्यांनी त्याची पूर्वीच्याच घडीवर घडी घातली आणि तिला परत दिला. "पण मी सही करणार नाही, बाळ."

केतकीला वाटलं की आता तिने रडावं. पण रडूही येईना.

"तिच्या आईला..." ती म्हणाली.

"माहीत आहे," काकू मध्येच म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला कळत नाही असं समजू नकोस. पण माझं ऐक. रात्री मी हिला निजवते तेव्हा अंगडं सैल असतं. सकाळी उठते तर तोकडं. तुम्हाला आठवडा जातो, मला एक रात्र. ही माझ्याकडे येऊन नऊ दिवस झाले, आणि नऊ दिवसांत ती पाच दिवसांची होती ती दोन महिन्यांची झाली. अजून वीसेक दिवसांनी रांगेल. वर्षभरात शाळेत जाईल. मी डोळे मिटायला भिते गं. यादीत आली की ती आमच्यासारखी एकेक दिवसाने वाढेल."

"आम्ही चोर नाही," काका म्हणाले. "नियम आहे, आणि तिचं नाव आम्ही ठेवलंय."

दुपारी काकूंनी केतकीला गरम वरणभात वाढला. तूप भरपूर होतं. गुळवणींकडे एवढं तूप सणालाही नसायचं. केतकीने भात नुसता कालवला. तिने ठरवलं, बाळाला उचलून पळावं. ती दारापर्यंत गेलीही. जिन्यात घोडकेकाकू वाळवण काढत होत्या.

"काय गं केतकी, मंगळवारची कशी?" त्या म्हणाल्या. "सुमतीला कुठे घेऊन चाललीस उन्हाची? जा आत."

केतकी आत गेली. पळून जायचं तरी कुठे, हे तिला सुचलं नव्हतं. गावभर मंगळवारच होता.

चार वाजता टिपरे आले. बगलेत तक्त्यांची चवड, खिशात शिक्का. त्यांनी पाणी घेतलं, काकांचा तक्ता पाहिला, अंगठ्याने शिक्क्यावरची धूळ झटकली.

"गजानन, शारदा, सुमती. बरोबर?"

"बरोबर," काका म्हणाले.

"नाही," केतकी म्हणाली.

तो शब्द खोलीत सगळ्यांना ऐकू आला. केतकीलाच त्याचं जास्त आश्चर्य वाटलं. "तिचं नाव ऋजुता आहे. ती आमची आहे. माझी हरकत आहे."

टिप्ऱ्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "हरकत घेणाऱ्याचं नाव कुठल्या यादीत आहे?"

केतकीचं नाव मागच्याच आठवड्यात यादीतून कमी केलं होतं.

"यादीबाहेरच्या माणसाची हरकत लिहून घेता येत नाही," टिपरे म्हणाले. "मला वाईट वाटतं, पण रकानाच नाही." त्यांनी शिक्का उमटवला. शाई ओली होती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मग टिप्ऱ्यांनी पेन उचललं. "आता तुझं काय ते सांग. तक्ता आज बंद होतोय, तुलाही कुठेतरी लिहावं लागेल. वडिलांच्या यादीत घालतो, त्याला कुणाची सही लागत नाही, ती जागा तुझीच होती. उद्या सकाळी तू आईजवळ असशील. शाळा, घर, सगळं पहिल्यासारखं. मंगळवार तेवढा नसेल."

"आणि ही?"

"ही मंगळवारी असेल."

"मग आम्ही हिला..."

"नाही," टिपरे म्हणाले. "भेट होणार नाही."

"करार मे महिन्यात संपतो."

"तुमचा संपतो. मग हे दुसरीकडे मंगळवार घेतील. हिलाही नेतील."

काकूंच्या खांद्यावरून बाळ केतकीकडे बघत होतं. ते हसत नव्हतं, रडतही नव्हतं. नुसतं बघत होतं, तिला ओळखत असल्यासारखं. या घरात त्याला सातही दिवस दिसलेलं माणूस कुणीच नव्हतं. सहा दिवस दिसणारी माणसं होती, एक दिवस दिसणारी होती. आजच्या दिवसापुरती केतकी सातव्याही दिवशी होती.

तिला आई आठवली, अर्धं वाक्य बोलून गेलेली. ती उद्या सकाळी त्याच गादीवर, तेच वाक्य बोलत येईल. समोर केतकी असेल आणि केतकीच्या मांडीवर काही नसेल. नाहीतर समोर कुणीच नसेल. केतकीने दोन्ही चित्रं डोळ्यांपुढे आणली. दोन्हींमध्ये आईच्या तोंडून तोच आवाज निघत होता.

पण एका चित्रात बाळ कुणाकडे तरी एकटं होतं.

"इथे लिहा," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल."

"इथे लिहा. याच यादीत. केतकी विश्वनाथ गुळवणी. आणि त्यांना सांगा की मी तिच्याजवळ आहे."

"निरोपाला रकाना नाही," टिपरे म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी तक्त्याच्या कडेला, समासात, पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलं. नंतर शाईने केतकीचं नाव लिहिलं, आणि पट्टीने खाली रेघ मारली.

"चाळीस रुपये," ते म्हणाले.

काकांनी दिले.

संध्याकाळी काकू भजन म्हणत होत्या. केतकीला त्यांनी बाळाशेजारी जागा करून दिली आणि दुलई पायांपर्यंत ओढली. कुणीही तिला रागावलं नाही, कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. तिने बाळाच्या मुठीत आपलं बोट घातलं आणि उजाडायची वाट बघत पडून राहिली. तिला वाटत होतं, या वेळी तरी मूठ सुटू नये.

सुटली नाही. खिडकीत उजाडलं तेव्हा बोट मुठीतच होतं. बाळ काल होतं तेवढंच होतं; अंगडं बरोबर बसत होतं. स्वयंपाकघरात काकू आनंदाने काकांना हाक मारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

केतकी उठून ओट्यापाशी गेली. तिथे आईचा कप होता. चहा अर्धा प्यायलेला, कडेला आईच्या ओठांची खूण. त्यातून वाफ येत होती. आई नुकतीच होती.

केतकीने कप दोन्ही हातांत धरला. मग तो गार व्हायच्या आत पिऊन टाकला. वाया कशाला घालवायचा.